तात्यांची तीन बटनं

आमचे तात्या वेबसाइटवर बातमी लिहायच्या पानावरची बटनं हाकलायचे. 'हाकलायचे' हा त्यांचाच शब्द. घराणं फुलंब्रीकडच्या मेंढपाळांचं.

क्रांती चौकातल्या आमच्या छोट्याशा वेबसाइटसाठी ते दुष्काळाच्या बातम्या लिहायचे. वेबसाइट मी सांभाळायचे. सकाळी आल्या आल्या सुरू, "पोरी, अक्षर ठळक करा, तिरकं करा, रंगवा... एवढा कळप कशाला? हाकल की!"

मी त्यांच्या खात्यातलं रोज एखादं बटन काढून टाकायचे. वरची बटनांची पट्टी ओसाड झाली, तेव्हा तात्यांनी नवीच मागणी केली. तळहाताएवढी तीन बटनं हवीत. दाबलं की शब्द उमटला पाहिजे: 'व्हय', 'नाय', 'पाणी'.

सगळं ऑफिस हसलं. "झाली की बातमी! पाणी आलं का? नाय!"

तात्याही हसले. "मंग? औंदा दुसरं काय लिहायलंय कोण?" मी ती तिन्ही लावून दिली.

एकदा वेबसाइट अपडेट केली आणि हाकललेली बटनं झाडून सगळी परत आली. तात्या त्या दिवशी रजेवर होते. दुपारी त्यांचा फोन आला.

"पोरी, माझी तिन्ही गेली गं."

"इथूनच लावून देते, तात्या."

"दे. पर येऊन बघ जरा. हात नीट बसतोय का ते."

तिन्ही बटनं परत लावून मी त्यांच्या घरी गेले. गारखेड्यात चहूकडं नव्या इमारती उठत होत्या आणि गल्लीत टँकरसाठी रिकामे ड्रम मांडलेले होते. तात्यांच्या खोलीत खाटेवर त्यांची बायको, सिंधूकाकू, उशाला टेकून बसली होती. लकव्याच्या झटक्यानं उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. पुढ्यात टॅबलेट, त्यावर तात्यांच्या खात्यातलं तेच बातमीचं पान. डाव्या हाताचं बोट थरथरत खाली यायचं. बारकं बटन चुकून दाबलं गेलं, की लिहिलेलं पुसून जायचं.

"तात्या, कधी बोलला नाहीत."

"काय बोलू? लई बोलकी होती ही. भांडाय लागली की शिवंपल्याड ऐकू जायचं." ते हसायला गेले, पण जमलं नाही.

काकूंनी त्या तीन मोठ्या बटनांकडं पाहिलंही नाही. एकेक अक्षर शोधत त्या लिहीत राहिल्या. आम्ही दोघं उभे. बऱ्याच वेळानं शब्द पुरे झाले.

'तुम्ही जेवला का'

"व्हय, कवाच," तात्या म्हणाले.

मग ते कोपऱ्यात गेले, आमच्याकडं पाठ करून बसले आणि झाकून ठेवलेली सकाळची भाकरी कुस्करायला लागले.