धरा गं, मग हसा

माझी थोरली बहीण, गिरिजाअक्का, विनोद सांगण्याआधी हुकूम सोडते, ‘धरा गं.’ समोरच्या झाडून सगळ्या बायका, लघवी अडवावी तसं खालचं अंग वर ओढून आवळतात. मगच विनोद होतो. सांगून झाला की आम्ही लोळतो. अक्का मात्र ढिम्म. आम्हाला वाटायचं, ही तिची कला.

दुसरं वेड अंगठ्यांचं. लग्नात पोरगी दिसली की अंगठा वाकवून मनगटाला टेकतो का बघायचं. दाजींचे चादरीचे माग, त्यामुळे भाषाही तीच. ‘हिचं सूत सैल हाय. बाळंतपणानंतर घागर उचलू देऊ नगा.’ परक्यांच्या सुनाही सुटत नाहीत.

माझा अंगठा सहज टेकतो. त्याचा मला कोण गर्व! शाळेच्या स्नेहसंमेलनात दोन्ही पाय मानेमागे अडकवून टाळ्या घेतल्या होत्या. ते सोडवायला दोन शिक्षिका लागल्या, ते सोडा. पुढे तीन बाळंतपणांनंतर शिंक आली की आधी पातळाची काळजी.

‘नाक बापाचं, सूत आईचं,’ अक्का म्हणायची.

परवा माझ्या नातीचं, श्रुतीचं डोहाळजेवण झालं. फुलांनी मढलेल्या पोरीचा अंगठा अक्कानं सगळ्यांदेखत वाकवला. टेकला.

‘आजी, माझंपण तुझ्यासारखंच होणार?’ श्रुती रडवेली झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, काही घराण्यांत अंगठ्याप्रमाणेच आतले अवयव धरून ठेवणारे पडदे, दोऱ्याही जन्मतःच जास्त ताणल्या जातात. म्हणून त्रास होईलच असं नाही. आवळायचा व्यायाम नीट शीक, कुंथू नकोस. श्रुतीचा जीव भांड्यात पडला.

‘आणि तुम्हाला काही त्रास, आजी?’ त्यांनी अक्काला विचारलं.

‘मला काय हुतंय,’ अक्का म्हणाली. मग पदराचं टोक पिळत, खाली बघत, ‘अंग बाहेर येतंय. धाकटा झाला तवापासनं.’

धाकटा आता पन्नाशीचा आहे.

‘अगं, मला तरी सांगायचंस,’ मी म्हणाले.

‘तू हसवलं असतंस की. हसलं की लई उतरतंय.’

बाईंनी तपासलं, आत आधाराला रिंग बसवली. घरी येताना रिक्षात अक्का एकदम म्हणाली, ‘तुज्या दाजींनी मला जन्मात एक अंगठी घातली न्हाय. शेवटी डॉक्टरीणच आली कामाला.’

‘धरा गं’ म्हणायचं ती विसरली, आणि स्वतःच हसली. तोंड उघडं टाकून, मांडीवर थापा मारत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. रिक्षावाला आरशात बघायला लागला.

मी मात्र ते हसू ओळखलं. तेही आईचंच होतं.