भुजंगरावांची बाज

बाळांनो, मांडी घालून नीट बसा. एका जंगलात, म्हणजे जिथे अजून कोणी प्लॉट पाडले नव्हते अशा एका जंगलात, भुजंगराव नावाचे एक अस्वल राहत होते. अस्वलाचे नाव भुजंगराव कसे, असे विचारू नका. ते त्यांच्या आजोबांचे नाव होते, आणि आजोबांनाही कोणी विचारले नव्हते.

भुजंगराव साधे गृहस्थ होते. सकाळी मध गोळा करून आणायचा, दुपारी पोटभर जेवायचे आणि मग बाजेवर आडवे व्हायचे, एवढाच त्यांचा दिवस. बाज म्हणजे काथ्याने विणलेली खाट. भुजंगरावांची बाज मधोमध इतकी खोल गेली होती की ते तिच्यात पडले की बाहेरून फक्त पोट दिसायचे. त्या बाजेवर त्यांना जशी झोप लागे तशी जंगलात दुसऱ्या कोणालाच लागत नसे. आयुष्याकडे त्यांचे याहून जास्त मागणे नव्हते.

त्यांच्या बायकोचे नाव मंजुळाबाई. त्या कामसू होत्या, नीटनेटक्या होत्या आणि एका जागी बसणे त्यांना जमत नसे. अशा माणसांना वर्ग फार लवकर सापडतात.

झाले असे की जंगलात कोकिळाताईंनी एक वर्ग काढला. ‘कमी खर्चात घर नवे’ असे त्याचे नाव. कोकिळाताईंनी जन्मात स्वतःचे घरटे बांधले नव्हते. अंडीसुद्धा त्या दुसऱ्याच्या घरट्यात घालत. त्यामुळे गृहसजावटीवर बोलायला त्यांच्याकडे भरपूर वेळ होता, आणि आवाज तर गोड होताच.

जुने काही टाकायचे नाही, नवे काही आणायचे नाही, जे आहे त्याचे दुसरे काहीतरी करायचे, असे त्या शिकवत. कशाचे काय करायचे, असे एका सशिणीने भीत भीत विचारले.

“ते तितकंसं महत्त्वाचं नाही,” कोकिळाताई म्हणाल्या. “आधी जे होतं, ते राहता कामा नये.”

मंजुळाबाईंनी हे वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्याच दिवशी भुजंगराव खुर्चीवर बसायला गेले आणि जमिनीवर बसले. खुर्ची भिंतीवर उलटी टांगली होती आणि तिच्या चार पायांत चार वेली लावल्या होत्या. त्यांनी पाट शोधला, तर पाटाला आकडे रंगवून त्याचे घड्याळ केले होते. घड्याळ चालत नव्हते. पण पाट असतानाही तो चालत नव्हता, असे मंजुळाबाईंचे म्हणणे पडले.

पुढच्या आठवड्यात घोंगडीचे पडदे झाले. चादरींची पायपुसणी झाली. पायपुसण्यांचे, ती आधीच होती म्हणून, तोरण झाले. भुजंगरावांच्या आवडत्या सदऱ्याची पिशवी झाली आणि तीच घेऊन त्यांना बाजारात पाठवण्यात आले. आपल्याच सदऱ्याच्या दोन्ही बाह्या धरून भुजंगराव भोपळे घेऊन आले. वाटेत लांडगा भेटला. कुणाला उचलून चाललात, असे त्याने विचारले. भुजंगरावांनी बाह्या आणखी घट्ट धरल्या आणि पाय उचलला.

महिन्याभरात घरातले जुने कापड संपले. आता तुम्ही म्हणाल, बरे झाले, संपली एकदाची कटकट. बाळांनो, तुम्ही लहान आहात.

त्या जंगलात एक कोल्हीण बोहारणीचा धंदा करायची. बोहारीण म्हणजे जुने कपडे घेऊन त्या बदल्यात भांडी देणारी बाई. डोक्यावर टोपली घेऊन ती दारात आली आणि जुन्या साड्या आहेत का म्हणून विचारू लागली. मंजुळाबाईंनी टोपलीत डोकावून पाहिले. वरती भांडी होती आणि खाली सगळ्या जंगलाच्या जुन्या साड्या होत्या. त्यांचे डोळे चमकले. मग जगात आजवर कुठल्या दारात झाला नसेल असा सौदा झाला. बोहारणीने जुन्या साड्या दिल्या आणि घरातली भांडी नेली. घासाघीसही उलटीच झाली. हे पातेले फार नवे आहे, त्याला जरा पोचा आलेला असता तर अजून एक लुगडे दिले असते, असे कोल्हीण म्हणाली. मंजुळाबाईंनी पातेले आत नेऊन आपटून आणले.

एक पैसासुद्धा खर्च झाला नाही, असे त्या संध्याकाळी अभिमानाने सांगत होत्या. भुजंगराव करवंटीतून चहा पीत ऐकत होते. त्यांचे लक्ष मात्र बाजेकडे होते. घरात जुने असे तेवढेच उरले होते.

त्यांनी आपल्या परीने खटपट केली. बाजेला तेल चोळले. काथ्या ताणून बांधला. ही तशी नवीच आहे, असे ते दोनतीनदा जाता जाता बोलून गेले. शेवटी महिला मंडळाची ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धा जाहीर झाली. गौरीची आरास बघायला येतात तसे पंच घरोघर फिरणार होते. तेव्हा भुजंगरावांनी धीर करून बायकोला सांगितले की बाकी सगळे घे, पण बाजेला हात लावू नकोस.

“अहो, किती जुनी आहे ती,” मंजुळाबाई म्हणाल्या.

“म्हणून तर,” भुजंगराव म्हणाले.

“मीही तेच म्हणते,” मंजुळाबाई म्हणाल्या आणि करवत आणायला गेल्या.

बाजेचे झुंबर झाले. पाय कापून टाकले, भोवती करवंट्यांच्या पणत्या बांधल्या, चिंध्यांच्या झिरमिळ्या सोडल्या आणि ते छताला टांगले. दिसत होते झकास. भुजंगराव खाली उभे राहून वर बघत आणि त्यांना रडू येई. चार दिवस त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. जमीन टोचे, भिंत बोचे, झाडावर मुंग्या चावत. मध काढताना ते पोळ्यावरच पेंगले आणि माशांनी त्यांना पुरते जागे केले.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी मंजुळाबाई दारात रांगोळी काढत होत्या. भुजंगराव जेवले. त्यांनी वर पाहिले. पाचच मिनिटे, असे ते स्वतःला म्हणाले आणि भिंतीवरच्या खुर्चीवर पाय देऊन झुंबरात चढले.

पाच मिनिटे काही मिळाली नाहीत. धाडकन आवाज झाला. मंजुळाबाई धावत आत आल्या, तेव्हा झुंबराचा भुगा झाला होता आणि भुजंगराव कोपऱ्यातल्या चिंध्यांच्या ढिगावर उताणे पडले होते.

मंजुळाबाई मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. महिनाभर त्यांनी पाठ टेकली नव्हती. बोटांना सुया टोचून चाळण झाली होती. आणि आता पंच शेजारच्या सशांच्या दारापर्यंत आले होते. भुजंगरावांना फार वाईट वाटले. झोप गेली त्याचे दुःख होतेच, पण बायको रडते आहे हे दुःख त्याहून मोठे होते. काय करू सांग, असे ते म्हणाले.

मंजुळाबाईंनी डोळे पुसले आणि त्यांच्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग बोहारणीच्या साड्यांची शिवलेली एक मोठी गोधडी आणून त्यांनी भुजंगरावांच्या अंगावर नीट ताणून घातली आणि कडा आत खोचल्या.

“हलू नका.”

“किती वेळ?”

“पंच जाईपर्यंत.”

“झोपलो तर चालेल?”

“झोपलात तर बरंच होईल.”

मुख्य पंच होते रेडेसाहेब. ते निवृत्त तहसीलदार होते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत त्यांना पंच नेमत. त्यांच्याबरोबर वही घेऊन कोकिळाताई होत्या. रेडेसाहेबांनी कोपऱ्यातली वस्तू चारी बाजूंनी पाहिली आणि ती किती जुनी आहे ते विचारले.

“लग्नातली आहे,” मंजुळाबाई म्हणाल्या.

“कोणी दिली?”

“वडिलांनी. त्यांनीच बघून ठरवली होती.”

“हिचा मूळ उपयोग काय होता?”

मंजुळाबाई खोटे बोलत नसत. त्यांनी बराच विचार केला.

“तसा काही नव्हता,” त्या म्हणाल्या.

गोधडीखाली भुजंगरावांच्या काळजाला घरे पडली. रोज सकाळी मध कोण आणते, असे विचारायचे अगदी ओठांवर आले होते. पण पंच जाईपर्यंत हलायचे नव्हते.

नियमाप्रमाणे पंचांना वस्तू वापरून बघायची होती. रेडेसाहेब बसले. भुजंगरावांनी दुपारी खाल्लेला मध गळ्यापर्यंत आला आणि परत खाली गेला. बैठक उबदार होती, मऊ होती आणि एका लयीत वरखाली होत होती. रेडेसाहेब वाखाणायला तोंड उघडणार, तोच ते घोरू लागले. चार दिवसांचे जागरण झालेले भुजंगरावही खाली घोरू लागले. कुठले घोरणे कुणाचे, हे कोकिळाताईंनाही कळेना, आणि त्यांचा कान तर गाण्याचा होता.

तासाभराने रेडेसाहेब उठले. निवृत्तीनंतर अशी झोप लागली नव्हती, असे म्हणून त्यांनी या सोफ्याला पहिला नंबर जाहीर केला. त्या नंबराला एक अट होती. वस्तू वर्षभर जागची हलवायची नाही.

तेव्हापासून भुजंगराव कोपऱ्यात पडून आहेत. मध आणायला जायचे कारण उरले नाही. अशा सोफ्याला सकाळ-संध्याकाळ मध द्यावा लागतो, तोही आतून, नाहीतर चकाकी जाते, असे कोकिळाताईंनी सांगितले. मंडळाने तसा ठराव केला. बायका पाळीपाळीने मध आणून देतात. पाऊस आला आणि छप्पर गळू लागले, तेव्हा मंजुळाबाईंनी नवऱ्याला वर चढा म्हटले. सगळ्या जणी धावून आल्या. बक्षीस मिळालेली वस्तू कोणी पावसात काढते का, म्हणून त्यांनी मंजुळाबाईंची चांगली कानउघाडणी केली. छपरावर मंजुळाबाईच चढल्या.

एका दुपारी सोफा बघायला आलेले सतरा पाहुणे चहा पिऊन गेले. मंजुळाबाईंनी सतरा करवंट्या धुतल्या. मग त्यांना जरा बसावेसे वाटले. त्यांनी घरभर नजर फिरवली. खुर्चीत वेली होत्या, पाटावर साडेनऊ वाजले होते. आपल्या घरात बसायला जागा नाही, हे त्यांच्या पहिल्यांदाच ध्यानात आले. त्या कोपऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

“अहो, थोडं सरकता का?”

वस्तूने डोळे न उघडता जागा केली आणि गोधडीचे टोक वर धरले. मंजुळाबाई आत शिरल्या आणि मिनिटभरात गाढ झोपल्या.

तेवढ्यात कोकिळाताई नव्या पाहुण्यांना घेऊन दारात आल्या. त्यांनी आत पाहिले आणि सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. मग दारावरच्या पाटीवर ‘सोफा’ लिहिले होते, ते खोडून त्यांनी ‘सोफासेट’ असे लिहिले.

तात्पर्य: जो उपयोगी पडतो त्याला कामाला लावतात, आणि ज्याचा काही उपयोग नाही त्याला जपून ठेवतात. तेव्हा बाळांनो, मोठेपणी आपण काय व्हायचे, ते आत्ताच ठरवा.