बोगद्याच्या माथ्यावरचे मास्तर

प्रति: माननीय तहसीलदार, बीड.
लिहिणार: दत्तोबा खरात, अर्जनवीस, कचेरीसमोर.
इसम: कै. माधव मास्तर, गणिताचे निवृत्त शिक्षक, मुक्काम लिंबागणेश.
साक्षीदार: तुळसाबाई, मेंढपाळ, झोपडी नव्या बोगद्याच्या माथ्यावर.
तारीख: मास्तरांच्या तेराव्याचा दुसरा दिवस.

महोदय,

सदर इसमास भोके मोजण्याचा नाद होता. पहिल्याच भेटीत मला न्याहाळून म्हणाले, “खरातसाहेब, सदऱ्याला चार भोकं असतात. गळा, दोन बाह्या, खालचा घेर. तुमच्याला पाच हायेत.” पाचवे काखेत होते. शेजारचा चहावाला ओरडला, “आरं, चाळणी लपवा! मास्तर आले!”

रस्त्याच्या बोगद्यावर ठेकेदाराने त्यांना याच नादासाठी पगारी ठेवले. सुरुंग उडाला की यंत्र छतावरील भेगांचे ठिपके टिपत असे. मास्तर संगणकावर ते ठिपके हळूहळू फुगवीत. ठिपके एकमेकांस भिडून त्यांची कडी होत, किरकोळ कड्यांमधली फट लगेच बुजत असे. “जे कडं लई वेळ बुजत न्हाई, त्याला भ्यायचं,” ते सांगत. “त्याच्या मधला दगड कवा निखळंल, नेम न्हाई.”

असे एक कडे नेमके तुळसाबाईंच्या झोपडीखाली निघाले आणि प्रत्येक सुरुंगागणिक रुंदावू लागले. मास्तरांनी सुरुंगात दारू कमी भरण्यास सांगितले. “ठिपक्यांपायी काम थांबवू व्हय, मास्तर?” म्हणत ठेकेदाराने यंत्रच काढून घेतले. तुळसाबाई मेंढरे सोडून हलेनात.

तेव्हापासून सुरुंगाचा इशारा देणारा भोंगा होण्याआधी मास्तर त्या झोपडीत जाऊन बसू लागले.

मी रागावलो. “यंत्र गेलं. आता तिथं काय मोजता?”

“मोजत न्हाई. मी वर बसलो की दारू कमी भरतेत. म्हातारी मेली तर पंचनाम्यावर भागतं, मास्तर मेला तर चौकशी लागती.”

“आन् दगड निखळला तर?”

“माझी वाट बघणारं हाय कोण, खरातसाहेब? ती निदान ‘जेवला का’ म्हनून इचारती.”

मास्तर अंथरुणातच हृदयविकाराने गेले. नातलग कोणी आले नाही. अग्नी मी दिला. लगेच पुरी दारू भरण्यात आली आणि झोपडीची भिंत तडकली. तुळसाबाई विचारतात, “मास्तर कामून येईनात?” मी सांगितले आहे. तरीही भोंगा झाला की त्या दारालगतची जागा झाडून, घोंगडी अंथरून ठेवतात.

सबब विनंती की, सदर इसम अद्याप त्या घोंगडीवर बसलेले आहेत असे धरूनच यापुढे सुरुंग भरण्याचा हुकूम व्हावा, आणि तसे लेखी कळवावे.