सूर्यफुलांखालील उताण्या मोहिमेची हकीकत

परसातील समस्त मुळांस व पानांस साक्ष ठेवून लिहिण्यास कारण ऐसे जे, घराची मागली भिंत आणि गॅरेजचे कुंपण यांमधील सहा पावलांच्या मुलखात सूर्यफुलांच्या दोन रांगा कैशा तगल्या, ती हकीकत जैसी घडली तैसी येणेप्रमाणे.

त्या साली पावसाने दगा दिला, आणि नळास दिवसाआड एक तास पाणी, मग झाडांच्या बुडाशी पाणी घालण्यास सक्त मनाई जाहली. मुलूख आत्यासाहेबांचा, परंतु भाचीबाईंनी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगाकरिता मागून घेतलेला. आणि आत्यासाहेबांचे यजमान आतोबा यांस तेथेच मोटार उभी करणे होते. मग आतोबांचे फर्मान सुटले की, "फुलांतल्या बिया पोकळ निघाल्या तर तिथं काँक्रीट. सिमेंट आणून ठेवलंय." आणि खरेच दोन गोण्या दाराशी तळ देऊन बसल्या.

भाचीबाईंनी मसलत केली की, मुळांस पाणी नाही तर रसद पानांस द्यावी. पोटॅशियम नायट्रेट, लिटरास दहा ग्रॅम, फवारिले असता पाने आपली सूक्ष्म छिद्रे वेळेवर मिटतात आणि आतले पाणी राखतात. परंतु गुण औषधाचा की नुसत्या ओलाव्याचा, हे कळावे म्हणून एका रांगेस औषध आणि दुसरीस निव्वळ पाणी मुक्रर केले. फवारणीचे हातपंप दोन, एकास लाल झाकण, एकास निळे. कोणात काय, हे एकट्या भाचीबाईंस ठाऊक.

पहिली स्वारी फसली. फवारा वरून मारिला तो थेंब घरंगळून जाया गेले, आणि छिद्रांची दाट वस्ती तर पानांच्या खालच्या अंगास. मग वाकून वाकून भाचीबाईंची कंबर धरली. ते पाहून कुंपणापलीकडून गॅरेजवाले मिस्त्री वदले की, "ताई, खालून काम करणं हा आमचा धंदा." आणि ज्या चार चाकी फळीवर उताणे पडून ते मोटारीखाली शिरत, ती घेऊन लाल पंपानिशी पानांखाली दाखल जाहले. शीळ घालीत होते, तो पहिला फवारा मुखी उतरला.

"खारट आहे," ऐसे त्यांनी हुजुरास कळविले.

"मिस्त्रीदादा, तोंड मिटा," ऐसा हुकूम सादर जाहला.

इकडे आतोबांची मोटार गॅरेजात तशीच पडून, कारण फळी मोहिमेवर. आतोबा तपासास आले, पाहतात तो पानांतून दोन बूट बाहेर. गरजले की, "माझ्या गाडीखाली शिरायचं सोडून माझ्या बायकोच्या फुलांखाली काय करतोयस?" जबाब आला की, "एक रांग राहिलीय साहेब. फळी सुटली की गाडी."

"सरक. ती रांग मी मारतो."

मग निळा पंप आतोबांस बहाल जाहला. देह विशाल आणि फळी अरुंद, चाके आक्रंदली, चष्मा थेंबांनी आंधळा जाहला, आणि आत्यासाहेबांनी झाडूच्या दांड्याने ढकलून ढकलून ती स्वारी पैलतीरी पोचविली. परंतु आतोबांस गोडी लागली. दर दहा दिवसांनी, ऐशा तीन फवारण्या जाहल्या, आणि मोटार दुरुस्त होऊन आली तरी ते रांग सोडीनात. "माझी पानं बघ, कशी हिरवीगार," ऐसे कुंपणावरून बजावीत. "साहेब, तुमची झोपलीत," ऐसे उलट येई.

कापणीअंती दर रांगेच्या शंभर बिया फोडिल्या. मिस्त्रींच्या एक्याऐंशी भरलेल्या, आतोबांच्या चोपन्न. आतोबांनी दुसऱ्या शंभर फोडविल्या, त्यांत त्रेपन्न निघाल्या. आत्यासाहेबांनी सिमेंटाकडे पाहिले. तेव्हा भाचीबाईंनी झाकणांचे गुपित उघड केले.

"म्हणजे मी तीनदा उताणा पडून नुसतं पाणी मारलं?"

"हो. पण फवारणारे दोघं वेगळे होते ना, आतोबा. फरक औषधाचा की तुमच्या हाताचा, हे अजून सांगता येत नाही."

"माझ्या हाताचा?" आतोबा ताडकन उठले, आणि हुकूम जाहला की मुलूख आणखी एक हंगाम भाचीबाईंकडे राहील, मोटार रस्त्यावर राहील, आणि सिमेंट लावून पायरीशी फळी उतरण्यापुरता उतार बांधावा.

येणेप्रमाणे सहा पावलांचा मुलूख राखिला. करार वहीत नोंदला, खाली आतोबांनी सही केली आणि सहीपुढे स्वदस्तुरे लिहिले: "लाल झाकण माझं."

ते वाचून भाचीबाईंनी दोन्ही पंपांस काळी झाकणे बसविली.