होडी गेली, काठ अजून हलतोय

मैत्रीण शबनम गाव सोडून गेल्यावर रडायचं नाही, अशी पैज पल्लवी माळीने घेतली आणि त्याच मंगळवारपासून बोरगणीचा नदीकाठ हलायला लागला. फार नाही. वीतभर इकडे, वीतभर तिकडे.

पैज शबनमनेच लावली होती, होडीत बसता बसता. तिच्या अब्बांची लातूर डेपोला बदली झाली होती; आता ती दिवाळीच्या सुट्टीतच येणार होती.

"पले, तू रडणार बघ."

"हॅट. माझी दोन पेनं आहेत तुझ्याकडं. रडले तर त्यांच्यासाठी."

होडी पलीकडे लागली. पल्लवी रडली नाही. होडीला फासायच्या डांबरात तिने काडी बुडवली आणि घाटाच्या पायरीवर पाच चिनी अक्षरं काढली. ती शाळेतल्या सुविचाराच्या फळ्यावरची होती. कदम सरांनी महिनाभर पुसलीच नव्हती. चिनी कवितेतली ओळ, खाली मराठीत अर्थ: होडी गेली, काठ अजून हलतोय.

शेवटची रेघ ओढली आणि काठ हलला.

गावाला सवय झाली. बायकांची धुणी आपोआप खळबळून निघायची. म्हशींना तर इतकं आवडलं की त्या घरी यायला तयार होईनात. पण ग्रामसेवक बिराजदारांनी नोंद केली: काठ होडी गेल्यावर हलतो, सबब दोष होडीचा. येत्या सोमवारी होडी जप्त करायची.

होडी मारुतीतात्यांची. चाळीस वर्षं त्यांनी तिच्यातून गाव पलीकडे पोचवलं होतं. जप्तीचं कळूनही त्यांनी पल्लवी दिसली तेव्हा "जेवलीस का गं?" एवढंच विचारलं. तेच तिला जास्त लागलं.

सोमवारी काठावर ग्रामसभा भरली. अर्थ सांगायला कदम सरांना बोलावलं होतं.

"काठ कधी हलत नाही," सर म्हणाले. "मागं राहिलेल्या माणसाचं मन हेलकावे खातं, म्हणून त्याला काठ हलताना दिसतो. आणि गंमत बघा, ओळीत तो माणूसच नाही. रडणं नाही, दुःख नाही. होडी आणि काठ, बास. हीच तर कला."

"म्हणजे निनावी तक्रार," बिराजदार म्हणाले. "ती आम्हाला घेता येत नाही."

"अहो, कविता आहे ती."

"असेल. पण काठावर कुणीतरी उभं होतं, हे तुम्हीच म्हणता. तो माणूस हजर करा, होडी सोडतो. नाहीतर जप्तीवर ही केली सही."

सही होईना. टेबलही हलत होतं. शेवटी बिराजदारांनी ते गुडघ्यांत घट्ट दाबून धरलं.

पल्लवीने तात्यांकडं बघितलं. ते होडीतलं पाणी उपसत होते, उद्या चालवायची असल्यासारखं.

"साहेब, मी उभी होते," ती म्हणाली. "ओळ मीच लिहिली. डांबर तात्यांचं, पण चोरलं मी."

"रडणं वगैरे काही झालं होतं?"

"नाही. पैज होती."

"मग हलतंय कोण?"

सगळा गाव हलत हलत तिच्याकडं बघत होता.

"मीच," पल्लवी म्हणाली आणि तिचं नाक वाहायला लागलं. "लिहा. पैज हरले मी."

बिराजदारांनी होडीचं नाव खोडलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं शबनम, मुदतीच्या रकान्यात दिवाळीची सुट्टी. मग कागद पल्लवीपुढे सरकवला. तिने सही केली. काठ हलत असल्यामुळे ती जरा वाकडी आली.

"डांबर उरलंय का गं थोडं?" तात्यांनी होडीतून विचारलं.