निवडून ठेवलेले खडे

“सून फार वाचते म्हणे तुमची.”

“वाचू दे हो. निवडणं-टिपणं येतं का, ते आधी बघू.”

एका जंगलात, बाळांनो, एका बिळाच्या मागच्या दाराशी दोघी साळिंदरी अशा बोलत उभ्या होत्या. एक शेजारीण होती, दुसरी सासू. आणि जिच्याविषयी बोलणं चाललं होतं ती सून, रेशमा, दाराच्या आतल्या अंगाला होती. साळिंदराच्या पोरीचं नाव रेशमा कोणी ठेवलं, ते विचारू नका. आईबापांना आपलं पोर मऊच वाटतं.

रेशमाचं लग्न नुकतंच झालं होतं. ती बोलायची कमी, ऐकायची मात्र सगळं. हेही तिने ऐकलं आणि पीठ भिजवायला गेली.

तिचे सासरे म्हणजे मोठं प्रस्थ. जंगलाच्या सार्वजनिक वाचनालयाचे ते अध्यक्ष. वाचनालय होतं वडाच्या ढोलीत, पण समितीची बैठक भरायची अध्यक्षांच्या बिळात. कारण वडाच्या ढोलीत जेवण मिळत नसे.

समितीत आणखी दोघे होते. चिटणीस रानडुक्कर, यांना पुस्तकाच्या पुठ्ठ्याची उत्तम पारख होती. पुठ्ठ्याच्या आत ते सहसा जात नसत. दुसरे घुबडगुरुजी, फार विद्वान. बैठक दिवसा असायची म्हणून ते झोपलेले असायचे. मधूनच दचकून जागे व्हायचे, “अनुमोदन!” म्हणायचे आणि पुन्हा झोपायचे. त्यांच्याशिवाय समितीचं पान हलत नसे.

त्या दिवशी ग्रंथनिवडीची बैठक होती. तरससाहेब तपासणीला यायचे होते. वाचनालय ‘ब’ वर्गात होतं. साहेब खूश झाले तर ते ‘अ’ वर्गात जाणार होतं. म्हणून सगळी पुस्तकं ढोलीतून उपसून बिळात आणली होती.

सासूबाईंनी सूप आणि तांदूळ सुनेपुढे ठेवले. “बस इथे कोपऱ्यात. निवडून घे नीट. मंडळी जेवायला आहेत.”

तेव्हा असं झालं, बाळांनो, की एकाच बिळात दोन निवडी सुरू झाल्या.

“मुद्दा असा,” सासरे काटे सावरत म्हणाले, “साहेबांना आपलं वाचनालय कसं दिसायला हवं?”

“स्वच्छ!” रानडुक्कर म्हणाले. ते थेट चिखलातून आले होते.

“बरोबर. तर नियम असा करू. फाटलेलं, मळलेलं, कोपरा दुमडलेलं पुस्तक बाद. अखंड आणि करकरीत असेल तेच ठेवायचं.”

“अनुमोदन!” गुरुजी म्हणाले.

पहिल्यांदा निघाली ‘वनराजांची निवडक भाषणं’. बारा खंड. निवडल्यावर बारा उरले होते.

“वा!” सासरे म्हणाले. “इतकी वर्षं झाली, पण पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. याला म्हणतात जपणूक!”

“कुणी हातच लावला नाही, अध्यक्षमहाराज.”

“शिस्त आहे आपल्या वाचकांना.”

मग ‘शेपूट : एक चिंतन’ निघालं. लेखकाने स्वतः आणून दिलेल्या चळतभर प्रती. सगळ्या शाबूत. एकीत तर आशीर्वादाचं फूल अजून होतं, आणि ते फूलही कोणी हुंगलेलं दिसत नव्हतं. सगळ्या प्रती ठेवायच्या ठरलं.

आणि मग निघालं ‘ओढ्यापलीकडे’.

रेशमाचा हात सुपात थबकला.

लग्नानंतर तिने वाचनालयातून आणलेलं हे पहिलं पुस्तक. सासरी तिच्या ओळखीचं असं दुसरं कोणी नव्हतं. एका तितरीची गोष्ट होती ती. तितरी माहेरचं रान सोडून निघते, ओढ्याच्या काठाशी येते, पाणी चढलेलं असतं. तिथवर रेशमा पोचली होती. तिथे तिने खुणेला स्वतःचा गळलेला काटा घातला होता. सकाळी सासऱ्यांनी बैठकीसाठी पुस्तक मागून नेलं तेव्हा तितरी काठावरच उभी होती. रेशमाही ओढा ओलांडूनच सासरी आली होती. तितरीचं पुढे काय होतं ते तिला कळायलाच हवं होतं.

पुस्तकाची दशा मात्र खरंच झाली होती. अस्वलाने मध खात वाचलं होतं. सशाने रडून एका पानावरची शाई पसरवली होती. माकडीण एवढी हसली होती की दोन पानांच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि मग तिनेच त्या डिंकाने जोडल्या होत्या. सशाचं पान जवळ आलं की रेशमा आपसूक सावरून बसायची. नव्या गावात शेजारपाजार कसा आहे, हे तिला त्या पुस्तकातूनच कळलं होतं.

“हे काय आहे?” सासऱ्यांनी ते दोन नखांत धरलं. “पुस्तक की पाचोळा?”

“याला रांग असते हो,” रानडुक्कर हळूच म्हणाले. “आमच्या घरातूनही विचारणा होती.”

“म्हणूनच ही अवस्था! वाचकांनी वाट लावली वाचनालयाची. बाद!”

“अनुमोदन!”

असं करत करत वाचलेली पुस्तकं एका गाठोड्यात गेली आणि न वाचलेली पुन्हा ढोलीकडे निघाली. गाठोडं दाराशी ठेवलं. संध्याकाळी वाळवीबाई सहकुटुंब येऊन ते नेणार होत्या. त्यांच्यासारखा मन लावून वाचणारा वर्ग जंगलात दुसरा नव्हता, फक्त त्या परत काही करत नसत.

गाठोड्याच्या फटीतून एक काटा बाहेर डोकावत होता. रेशमाने तो ओळखला.

तिने बैठकीच्या कडेला बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं.

मग तिने सुपाकडे पाहिलं. तांदूळ साधाच होता. कुठे कणी, कुठे टोक मोडलेलं, कुठे पिवळट डाग. खडे मात्र सुरेख होते. अखंड, गुळगुळीत. एकाला चरा नव्हता.

“सूनबाई, निवडून झालं का?” सासूबाईंनी विचारलं.

रेशमाने मान डोलावली.

पानं वाढली गेली. खाली काय आहे ते दिसू नये इतकी आमटी वर होती. आमटीचा वास आल्यावर गुरुजी आपणहून जागे झाले. सासऱ्यांनी ‘अ’ वर्गाच्या नावाने मोठा घास घेतला.

कट्ट!

साळिंदराचे पुढचे दात म्हणजे त्याची शान. त्यातल्या एकाचा टवका उडाला. सासऱ्यांचे सगळे काटे उभे राहिले. रानडुकरांनी घास तसाच थाळीत सोडला. नवऱ्याने मात्र गिळून टाकला. लग्न नवीन होतं.

“अगंबाई!” सासूबाई ओरडल्या. “एवढंही येत नाही का गं? सांगितलं होतं ना निवडून घे म्हणून?”

“निवडूनच घेतलं, सासूबाई,” रेशमा म्हणाली. तिचा आवाज बैठकीत पहिल्यांदाच ऐकू आला, म्हणून सगळे वळले. “समितीच्या नियमाने. तुटलेलं, डागाळलेलं बाजूला केलं. अखंड तेवढं ठेवलं.”



“खडे छान टिकतात,” ती पुढे म्हणाली. “कुणी खात नाही ना.”

रानडुक्कर थाळीकडे बघत राहिले. मग त्यांची नजर अध्यक्षांच्या दाताकडे गेली.

“अध्यक्षमहाराज,” ते चाचरत म्हणाले, “तुटलेलं ते बाद, हा जो नियम आहे, तो आता आपल्यालाही…”

“अनुमोदन!” गुरुजी म्हणाले.

“गप्प बसा!” सासरे म्हणाले. त्यांनी टवका उडालेल्या दातावरून जीभ फिरवली. थोडा वेळ गाठोड्याकडे पाहिलं. भूक तर सगळ्यांनाच लागली होती. शेवटी ते बऱ्याच खालच्या पट्टीत म्हणाले, “सूनबाई, मग तांदूळ कुठे आहे?”

“शिजवून ठेवलाय, मामंजी, वाफाळतोय,” रेशमा पदर सावरत म्हणाली. “आधी गाठोडं सोडा, मग वाढते.”

तात्पर्य : वाचनालय करकरीत ठेवायचं असेल, तर वाचकांना आत घेऊ नये. आणि निवड समितीच्या बैठकीला जाताना घरून जेवून जावं.