दगडावरचा पिवळा झगा

माझ्या थडग्यावर लावायला एक बरासा फोटो हवा, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यापायी सून माझ्याशी बोलायची बंद होईल आणि अख्खं गाव आमच्या दगडाभोवती गोळा होईल, हे आधी कळलं असतं तर मी बिनफोटोचीच मेले असते.

आमच्याकडे हे काम जिवंतपणीच उरकून ठेवतात. नवरा गेला की दगडावर त्याचा चेहरा कोरतात, शेजारी बायकोची जागा सोडतात, आणि खर्चात खर्च म्हणून तिचं नाव नि जन्मसालही तेव्हाच घालून टाकतात. पुढचं साल तेवढं कोरं. मी शाळेत दोनच हिवाळे गेले, पण 'दारिंका' ही अक्षरं त्या दगडावर मला लांबूनही वाचता येतात.

माझा तिहोमिर एक्केचाळिसाव्या वर्षी गेला. सकाळी बूट घालायला बसला, एक बूट पायात गेला, दुसरा हातातच राहिला. दगडावर तो तसाच आहे, काळ्याभोर मिशांचा, आत्ता कुणाच्या लग्नात नाचून आल्यासारखा. सुरुवातीला मी त्याच्यापुढे घाबरून बोलायचे. मग आम्ही एका वयाचे झालो. मग मी थोरली झाले. आता तो माझ्या मुलापेक्षा लहान आहे, त्यामुळे मेणबत्ती लावताना तोंडून 'बाळा' निघतं. (एकदाच निघालं. पण ते नेमकं पर्सिदाने ऐकलं.)

पर्सिदा माझी शेजारीण. आम्ही दोघी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलो आणि तेव्हापासून कुंपणावरून एकमेकींचे वाळत घातलेले कपडे मोजतोय. तिला मी माझा एकमेव फोटो दाखवला, ओळखपत्रावरचा. काळा रुमाल कपाळापर्यंत, ओठ आत गेलेले.

"हा लाव," ती म्हणाली. "लोक म्हणतील, बघा, लेकाशेजारी आई निजलीय."

"काहीतरी बोलू नकोस."

"आई नाही तर मग पोलिसांनी धरून आणलेली बाई म्हणतील. तुला कुठलं आवडेल ते घे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मरायचं भय नव्हतं हो. मरून तिकडे गेले आणि त्याने ओळखलंच नाही तर? मी दारात उभी, आणि तो आपला माझ्या खांद्यावरून मागे बघतोय, त्याची बायको कधी येते म्हणून.

अशात माझी नात आली. नेवेना बेलग्रेडला असते. बाकीच्या पोरी नवं घेऊन मिरवतात, ही जुन्या बाजारात मेलेल्या बायकांचे झगे शोधून मिरवते. कोट कुणा डॉक्टरणीचा, पर्स कुणा मास्तरणीची, आणि ओठ लाल. दूध आणायला जातानाही लाल. तिची आई, म्हणजे माझी सून स्लाविका, कपाळावर हात मारते. मला आवडतं. (सुनेसमोर मीही कपाळावर हात मारते.)

"आजी, फोटो मी काढते," नेवेना म्हणाली. "पण काळ्यात नाही. तुझ्याकडे दुसरं काही नाही?"

होतं. पेटीच्या तळाशी, अक्रोडाच्या पानांत. पिवळा झगा, पांढऱ्या मोठ्या बटणांचा. तिहोमिरने त्रिएस्तेहून आणला होता. तेव्हा सगळा देश तिकडे खरेदीला जायचा आणि जकात चुकवायला एकावर एक तीन पँटी चढवून सीमा ओलांडायचा. तिहोमिरने माझा झगा स्वतःच्या शर्टाखाली पोटाला गुंडाळून आणला. घरी आला तेव्हा गरोदर दिसत होता. तो झगा मी दोनदा घातला. मग विधवेचं काळं आलं, आणि चाळीस वर्षं झाली, ते काही गेलं नाही.

नेवेनाने झगा उजेडात धरला आणि एकेक बटण चाचपून बघितलं. मग म्हणाली, "आजी, बेलग्रेडमध्ये यासाठी पोरी झिंज्या उपटतील."

तो मला पुढून बसला. मागून नाही. मागे वीतभर फट राहिली, तिथे नेवेनाने कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावले. पुढून मी त्रिएस्ते, मागून अंगणातली दोरी. मग तिने माझं तोंड रंगवायला घेतलं.

"डोळे मिट. हलू नकोस."

"मी हलत नाही, कातडी हलते."

"ओठ असे कर."

"असे केले तर दात पडेल."

पावडर, पावडरीवर दुसरी पावडर, भुवयांना पेन्सिल, आणि शेवटी तो लाल रंग. आरशात बघितलं तर मला माझी एक देखणी बहीण दिसली, जी मला कधी नव्हती. तेवढ्यात पर्सिदा कुंपणावरून डोकावली.

"कुणाचं लग्न आहे?"

"माझा फोटो काढतायत. दगडासाठी."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मरणाची एवढी हौस असलेली बाई मी पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली; पण गेली नाही, कुंपणाला टेकून राहिली.

माझा फोटो झाला. चिमटे निघाले. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी नेवेनाला म्हटलं, "तू घाल बरं, मला बघू दे." तिला तो असा बसला, जणू तिचंच माप घेऊन शिवला होता. तिने केस माझ्यासारखे मागे बांधले आणि अंगणातून चालत गेली. तो झगा मी आजवर फक्त वरून बघितला होता, मान खाली घालून. चालताना मागून तो कसा हलतो, ते बघणारा एकच माणूस होता. आता ते मी बघत होते.

"परत एकदा जा विहिरीपर्यंत," मी म्हटलं. ती गेली. "अजून एकदा."

मग पर्सिदाने तिचाही फोटो काढला, त्याच खुर्चीवर, त्याच झग्यात. (पर्सिदाला फोन कसा धरायचा ते कळत नाही, पण फोटो नेमका सुंदर आला.) नेवेनाने दोन्ही फोटो तिच्या बापाला, म्हणजे माझ्या राडोशला पाठवले: एक कामाचा, एक आपला आठवण म्हणून. राडोश ट्रॅक्टरवर होता. त्याने न बघता दोन्ही दगडवाल्या ओब्रादकडे ढकलून दिले. ओब्राद विचार करणारा माणूस. त्याला वाटलं, बाईने एक हल्लीचा दिलाय आणि एक तरुणपणीचा. नवरा दगडावर तरुण आहे, तेव्हा शोभेल तो तरुणपणीचाच.

पितरांच्या शनिवारी आम्ही सगळे कबरस्तानात गेलो. मेणबत्त्या, राकिया दारूची बाटली, साखर-अक्रोड घालून शिजवलेले गहू. बघते तर आमच्या दगडापाशी ही गर्दी.

"काय दिसायचीस गं दारिंका," एक म्हणाली.

"आम्हाला आठवतंय ना," दुसरी म्हणाली. ती माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान.

गर्दीतून वाट काढून मी पुढे गेले. तिहोमिरच्या शेजारी, माझ्या नावावर, पिवळ्या झग्यात (दगडावर तो काळाच दिसतो) आमची नेवेना बसली होती. हसत.

आता खरं सांगायचं तर मी लगेच काही बोलले नाही. लोक एवढ्या कौतुकाने बघत होते. एक म्हातारा तर टोपी काढून उभा राहिला. वाटलं, राहू दे की घटकाभर. पण मागून स्लाविका आली. तिच्या हातातलं गव्हाचं भांडं खाली गेलं.

"माझी पोर," ती म्हणाली. "माझी बिनलग्नाची पोर थडग्यावर."

मग जी रडारड झाली ती विचारू नका. स्लाविका लेकीवर तीनदा थू थू करून दृष्ट काढत होती, लेकीचा कान ओढत होती, आणि नेवेना म्हणत होती, "पण आई, फोटो छान आलाय."

"मी ट्रॅक्टरवर होतो," राडोश म्हणाला. तो अजूनही तेवढंच म्हणतो.

पर्सिदा दगडाच्या अगदी जवळ गेली, चष्मा पुसला. "मी तेव्हाच म्हणणार होते," ती लोकांना म्हणाली, "असलं नाक हिचं कधीच नव्हतं."

सोमवारी मी ओब्रादच्या अंगणात. त्याने हात जोडले. "काकू, चूक माझी. घासून काढतो, फुकट करून देतो. पण एक आहे. अर्धा दगड घासता येत नाही, खड्डा दिसतो. पूर्ण घासावा लागेल."

"म्हणजे तिहोमिरही?"

"त्यांनाही परत कोरू की."

"त्याला हात लावायचा नाही," मी म्हटलं आणि निघाले. फाटकापर्यंत गेले. पण मग तिकडे दगडावर माझी नात त्याच्या शेजारी बसलेली, इकडे घरी सून रडतेय, माझ्याशी बोलत नाही. परत आले. ओब्राद बिचारा तिथेच उभा होता. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "काकू, नाहीतरी कोरायचेच आहेत तर त्यांना तुमच्या जोडीचे करू का? माझी मुलगी फोनवर करते. चेहरा घालायचा, वय सांगायचं."

"कसलं वय?"

"आज असते तर जेवढं असतं तेवढं."

त्याने फोन माझ्या हातात दिला. मी तिथल्या एका कोऱ्या दगडावर बसले. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. केस पुढून गेले होते. कान मोठे झाले होते, सासऱ्यांसारखे, आणि डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या, मक्याच्या हंगामात झोप न झाल्यासारख्या. तो माझ्याकडे बघत होता. मी कधी न बघितलेला माझा नवरा. माझ्याशिवाय म्हातारा झालेला. मला वाटलं, या कानांवर मी किती ओरडले असते. या मिशांना सूप लागलं असतं आणि मी रुमाल पुढे केला असता.

फोन काळा झाला.

"परत लावा," मी म्हटलं. ओब्रादने बोट लावलं. थोड्या वेळाने परत काळा झाला. त्याने परत लावला. शेवटी त्याने माझ्या शेजारी स्टूल ओढून घेतलं आणि एक बोट फोनवर ठेवून, तोंड दुसरीकडे करून बसून राहिला. चांगला माणूस आहे तो.

"हाच कोरा," मी म्हटलं.

आता दगडावर आम्ही दोघं आहोत. मी झग्यात, ओठ रंगवून, चिमटे दिसत नाहीत. तो शेजारी, म्हातारा, अगदी माझ्या जोडीचा. मी त्याला बाळ म्हणत नाही. रागावतेसुद्धा. सगळं कसं माझ्या मनासारखं झालं, तर पर्सिदालाही हौस आली. तिने नेवेनाला बोलावलं, पावडर लावून घेतली, कुण्या मास्तरणीची टोपीसुद्धा घातली, आणि स्वतःचा दगड उभा करून घेतला. कुठे, तर पायवाटेच्या पलीकडे, आमच्या बरोब्बर समोर. आणि ओब्रादने तिहोमिरचे डोळे असे कोरलेत की तो सरळ तिच्या टोपीकडे बघतो.

"माझा काय दोष," पर्सिदा म्हणते. "मला जागाच तिथे मिळाली."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ओठ रंगवून मी कबरस्तानात जाते आणि दोन्ही दगडांच्या मधोमध उभी राहते. परवा पर्सिदा आपल्या दगडावर फडकं मारायला आली होती. फडकं पिळत म्हणाली, "दारिंके, जरा बाजूला हो. त्याला दिसत नाहीये."